हाडावरची खूण : हाताची की दाताची?

३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे, लष्करी कवायतीच्या मैदानालगतच्या जांभ्या मुरमाच्या खाणीत रॉबर्ट ब्रूस फूट यांना एक दगड सापडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणारा हा अधिकारी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता. दगडाचे टवके ठरावीक दिशेने काढलेले होते आणि ते माणसाच्या हाताने काढले होते, हे फूट यांनी ओळखले. चारच वर्षांपूर्वी, १८५९ मध्ये, फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात सापडलेली दगडी हत्यारे खरोखरच अतिप्राचीन मानवाची आहेत, ही गोष्ट इंग्लंडमधील विद्वानांनी मान्य केली होती. त्यामुळे मद्रासच्या मुरमातून निघालेल्या हत्यारालाही मान्यता मिळण्यास फार काळ लागला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना मद्रासच्या वायव्येस अत्तिरमपाक्कम येथे अशीच हत्यारे मिळाली आणि भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला.

पल्लावरम आता चेन्नई महानगराचा भाग आहे. फूट यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९०४ मध्ये मद्रासच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाने घेतला. एग्मोर भागातील या संग्रहालयाचे नाव भारतीय पुरातत्त्वाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित असते. फूट यांच्या दगडांची ही कथा पाठ्यपुस्तकांत आली आहे. त्यांच्या हाडांची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. एखादा दावा खरा असणे आणि तो सिद्ध होणे यांत किती अंतर असू शकते, हे तिच्यावरून कळते. ते अंतर भरून काढण्यासाठी हाड हाताने कसे कोरतात, घासतात आणि त्याला झिलई कशी देतात, हे वैज्ञानिकांना शिकावे लागले.

त्या काळच्या मद्रास इलाख्यात, आजच्या आंध्र प्रदेशातील बेतमचर्ला गावाजवळ, चुनखडकात बिल्ल सुरगम नावाच्या गुहा आहेत. पूर्वी हा भाग कर्नूल जिल्ह्यात होता. आता तो नंद्याल जिल्ह्यात येतो. या गुहांतील हाडांची माहिती कॅप्टन न्यूबोल्ड यांनी १८४४ मध्येच प्रसिद्ध केली होती. पुढे चाळीस वर्षे तिकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. डार्विनचे खंदे समर्थक टॉमस हक्सली यांनी मद्रासचे गव्हर्नर ग्रँट डफ यांना या गुहांचे उत्खनन करण्याचे सुचवले आणि ते काम फूट यांच्याकडे आले. १८८४ मध्ये त्यांनी सुरुवात केली. नंतरचे बरेचसे खोदकाम त्यांचे पुत्र, तोफखान्यातील अधिकारी हेन्री फूट यांनी केले. गुहांना त्यांनी दिलेली ‘कॅथीड्रल’, ‘चार्नेल हाउस’ आणि ‘पर्गेटरी’ ही नावे आजही वापरात आहेत.

या गुहांतून हाडांचा मोठा साठा निघाला. त्यांपैकी काही तुकडे टोकदार होते, काहींच्या कडा घासल्यासारख्या दिसत होत्या. फूट यांनी ही माणसाने घडवलेली हत्यारे असल्याचे जाहीर केले आणि त्यांची तुलना फ्रान्समधील मॅग्डेलेनियन काळातील अस्थि-हत्यारांशी केली. मॅग्डेलेनियन म्हणजे हिमयुगाच्या अखेरीस, सुमारे १७ ते १२ हजार वर्षांपूर्वी, युरोपात नांदलेली संस्कृती. हाड आणि शिंग यांच्या कोरीव कामासाठी ती प्रसिद्ध आहे. भारतातही तसा काळ होऊन गेला, असा या तुलनेचा अर्थ होता. दावा मोठा होता.

त्याच गुहांतील प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास रिचर्ड लिडेकर यांनी केला व १८८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या यादीत नामशेष झालेला गेंडा होता, तरस होते आणि साळिंदराची एक नामशेष जातीही होती. शंकेचे बीज याच यादीत होते, कारण तरस आणि साळिंदर हे दोन्ही प्राणी हाडे कुरतडतात.

दगडाच्या बाबतीत ही अडचण तुलनेने कमी असते. नदीच्या प्रवाहात दगडावर दगड आपटून एखाददुसरा टवका निघतो. पण एकाच कडेवर, दोन्ही बाजूंनी, ओळीने पंधरा-वीस टवके निघणे जवळजवळ अशक्य असते. हाडाचे तसे नाही. तरस मांडीचे हाड फोडते, त्यातली मज्जा खाते आणि मागे उरतो तो लांबट, टोकदार तुकडा. वारंवार चाटल्याने व चघळल्याने त्याचे टोक गुळगुळीत होते. तुकडा गिळला गेलाच तर पोटातील आम्लाने त्याच्या कडा पातळ होतात, कधी त्यास भोकही पडते. साळिंदर आपले सतत वाढणारे दात झिजवण्यासाठी वाळलेली हाडे बिळात ओढून नेते आणि त्यांवर रंधा मारल्याप्रमाणे समांतर पट्टे पाडते. गुहेच्या जमिनीत पडलेल्या हाडांवरून जनावरे चालली की वाळूचे कण हाडावर ओरखडे उमटवतात. टोक, धार, झिलई, भोक, रेषा ही घडवलेल्या हत्याराची सारी लक्षणे माणसाचा हात न लागताही हाडावर दिसू शकतात.

केवळ आकारावर विसंबले तर काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण दक्षिण आफ्रिकेतले आहे. माकापान्सगाट येथील गुहेत सापडलेल्या तुटक्या हाडांवरून रेमंड डार्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास असे प्रतिपादन केले की, ऑस्ट्रॅलोपिथेकस हा आदिमानव हाडे, दात आणि शिंगे यांची शस्त्रे वापरत होता. चार्ल्स ब्रेन यांनी कित्येक वर्षे बिबट्या, तरस आणि साळिंदर यांनी मागे टाकलेल्या हाडांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये आले आणि डार्ट यांची ‘शस्त्रे’ बहुतांशी मांसभक्षक प्राण्यांच्या जेवणाचे अवशेष ठरली. ज्याला शिकारी समजले जात होते, तो आदिमानवच अनेकदा शिकार झालेला होता.

मग हात आणि दात यांतला भेद ओळखायचा कसा? त्यासाठी हाड या पदार्थाचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो.

हाडाच्या वजनाचा साधारण ६० ते ७० टक्के भाग खनिजाचा असतो. हे खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे असून त्याला हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट म्हणतात. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन आणि पाणी असते. खनिज कठीणपणा देते, कोलॅजेन चिवटपणा देते. हाड जाळले की कोलॅजेन नष्ट होते आणि हाताच्या दाबानेही चुरा होतो. हाड फार वेळ उकळले तर कोलॅजेन विरघळून बाहेर येते. सुतारकामातला सरस याच गुणधर्मावर तयार होतो. म्हणून कोरीव काम करणारा कारागीर हाड पुरेसे उकळून त्यातील चरबी काढतो, पण त्याचा जीव जाईपर्यंत उकळत नाही. चरबी राहिली तर हाड पिवळे पडते आणि त्याला वास येतो. कोलॅजेन गेले तर छिन्नीखाली हाड ठिसूळ होते.

कोलॅजेनचे तंतू लांब हाडात बहुतांशी हाडाच्या लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे हाडालाही लाकडासारखी एक ‘रेघ’ असते. रेघेच्या दिशेने ते छिलता येते, रेघेला आडवे कापताना फार कष्ट पडतात. ताजे हाड फुटले तर भेग वळणावळणाने जाते आणि कडा गुळगुळीत राहते. वर्षानुवर्षे वाळलेले हाड आडवे आणि खडबडीत तुटते. तुटलेली कडा पाहून हाड ताजे असताना फुटले की पुढे मातीच्या भाराने, हे सांगता येते. तपासाची ही पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे घडवण्याच्या प्रत्येक टप्प्याची खूण वाचणे. दगडी हत्यारांनी हाड घडवण्याची रीत जगभर पुष्कळशी सारखी आढळते. प्रथम योग्य हाड निवडतात. हरिण किंवा गाईगुरांच्या पायाचे लांब, जाड भिंतीचे हाड त्यासाठी उत्तम. त्यावर गारगोटीच्या टोकदार कोरणीने लांबीच्या दिशेने दोन समांतर खाचा पाडतात. खाच एका दमात होत नाही. कोरणी त्याच रेषेवरून शेकडो वेळा ओढावी लागते. खाचा मज्जेच्या पोकळीपर्यंत पोहोचल्या की मधली पट्टी पाचर घालून उचकटतात. याहून सोपी रीत म्हणजे हाड फोडून त्यातला सोयीचा तुकडा निवडणे.

मग तासणी येते. दगडी पात्याची धार काटकोनात धरून हाडावरून ओढली की भुकटीसारखे कीस निघतात आणि पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेषा उमटतात. पाते मध्येच थरथरले तर त्या रेषांना आडव्या, एकसारख्या अंतराच्या लाटा उठतात. अशी नियमित लाट जनावराच्या दाताने उमटत नाही, म्हणून ती हाताची फार मोलाची साक्ष ठरते. टोक काढण्यासाठी तुकडा ओल्या वालुकाश्मावर तिरपा घासतात. त्याने आखूड, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा पडतात. भोक पाडायचे असेल तर दगडी टोचा दोन्ही बाजूंनी फिरवतात आणि भोक मध्ये अरुंद, तोंडांशी रुंद होते. सुताराच्या दोरीने फिरणाऱ्या सामत्याचे तत्त्व याच क्रियेचा पुढचा विकास आहे. शेवटी राख, बारीक वाळू किंवा गेरूची पूड आणि ओले कातडे घेऊन हाड चोळतात. जुन्या खुणा पुसट होतात, हाडाला झिलई येते.

आता दाताच्या खुणांशी तुलना करावी. मांसभक्षक प्राण्याचा दात हाडावर वाटोळे खड्डे आणि रुंद, गोल तळाचे चर पाडतो. साळिंदराचे पुढचे दात सपाट तळाचे, रुंद, जोडीजोडीने पट्टे पाडतात. दगडी पात्याचा छेद मात्र अरुंद आणि खोल असतो, त्याचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो आणि त्या छेदाच्या आत धारेच्या खडबडीतपणामुळे आणखी सूक्ष्म रेषा दिसतात. जनावरांच्या पायाखाली पडलेले ओरखडे कोणत्याही दिशेला जातात. कारागिराचे ओरखडे कामाच्या दिशेला जातात. साधे भिंग यांपैकी काही गोष्टी दाखवते, उरलेल्या सूक्ष्मदर्शक दाखवतो.

हे ज्ञान पुस्तकी तर्काने मिळालेले नाही. सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सर्गेई सेमियोनोव्ह यांनी दगडी पाती तयार करून हाड, लाकूड आणि कातडे प्रत्यक्ष कापले, घासले आणि उमटलेल्या खुणांची उत्खननात मिळालेल्या वस्तूंवरील खुणांशी तुलना केली. त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६४ च्या इंग्रजी भाषांतराने ही पद्धत जगभर गेली. २००१ मध्ये लुसिंडा बॅकवेल आणि फ्रान्सेस्को देरिको यांनी याच मार्गाने दक्षिण आफ्रिकेतील अतिप्राचीन अस्थि-तुकड्यांचा प्रश्न हाताळला. त्यांनी हाडाच्या तुकड्यांनी जमीन खणून, साली सोलून आणि वारुळे उकरून पाहिली. वारूळ उकरताना टोकावर पडणाऱ्या बारीक, समांतर रेषा प्राचीन तुकड्यांवरील रेषांशी सर्वांत अधिक जुळल्या. डार्ट यांचा व्यापक दावा कोसळला होता, पण त्याच देशातील काही थोडी हाडे खरोखरच हत्यारे होती आणि ती योग्य परीक्षेतून सिद्ध झाली.

आता पुन्हा बेतमचर्लाकडे वळू. फूट यांच्यानंतर जवळजवळ नऊ दशकांनी, १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात, पुरातत्त्वज्ञ एम. एल. के. मूर्ती यांनी याच परिसरातील मुच्चट्ल चिंतमानु गवि या गुहेत उत्खनन केले. तेलुगूत ‘चिंतमानु’ म्हणजे चिंचेचे झाड आणि ‘गवि’ म्हणजे गुहा. येथे दगडी पात्यांच्या सोबतीने हाडाची हत्यारे मिळाली आणि त्यांची संख्या दगडी हत्यारांहून कितीतरी अधिक होती. तासण्या, टोचे, छिन्नीसारखे तुकडे, चपटी पाती आणि पुढील कामासाठी फोडून ठेवलेले कच्चे तुकडेही त्यांत होते.

कच्च्या तुकड्यांचे महत्त्व विशेष आहे. तयार हत्यार एकटेच सापडले तर ते योगायोगाने तसे झाले, असे म्हणता येते. निवडलेले हाड, फोडलेला तुकडा, अर्धवट घडवलेली वस्तू आणि पूर्ण हत्यार अशी साखळी एकाच थरात मिळाली, तर तिच्यामागे उद्देश होता हे नाकारणे कठीण होते. त्या गुहेत चूलही मिळाली. चुलीतील भाजलेल्या मातीचे वय तापदीप्ती पद्धतीने मोजले असता ते सुमारे १७,४०० वर्षे आले. तरस आणि साळिंदर हाडे फोडतात, पण चूल मांडत नाहीत.

कर्नूलच्या गुहांत राहणारा प्राचीन मानव हाडाची हत्यारे घडवत होता, हे फूट यांचे म्हणणे अशा रीतीने बळकट झाले. मात्र ते बळकट झाले शेजारच्या दुसऱ्या गुहेतील, अधिक काळजीने नोंदलेल्या पुराव्याने. फूट यांनी केवळ आकारावरून निवडलेला एखादा तुकडा हत्यार होता की तरसाचे उष्टे, हा प्रश्न या नव्या शोधाने आपोआप सुटत नाही; त्यासाठी त्या तुकड्यावरच्या खुणा पाहाव्या लागतात. निष्कर्ष बरोबर ठरला म्हणून त्यामागचा प्रत्येक पुरावा बरोबर ठरत नाही. फूट यांच्याविषयीचा आदर यामुळे कमी होण्याचे कारण नाही. १८८४ मध्ये या परीक्षाच अस्तित्वात नव्हत्या. त्यांनी गुहेतील हाडे तज्ज्ञाकडे पाठवली, थरांची नोंद केली आणि आपले मत उघडपणे छापले. म्हणूनच पुढच्यांना ते तपासता आले. बिल्ल सुरगममधील थरांचा नव्याने अभ्यास करून २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवले की, भारतीय उपखंडातील सस्तन प्राण्यांच्या बहुतेक जाती गेली दोन लाख वर्षे टिकून राहिल्या. एकोणिसाव्या शतकात खणलेली गुहा एकविसाव्या शतकातही नवे उत्तर देते.

आकाराच्या मोहाचे एक उदाहरण उत्तर भारतातही आहे. अलाहाबाद विद्यापीठाच्या संशोधकांना बेलन नदीच्या खोऱ्यात, लोहंदा नाला येथे, हाडाची एक कोरीव वस्तू मिळाली. उत्तर पुराश्मयुगातील ‘मातृदेवी’ म्हणून ती अनेक पुस्तकांत छापली गेली. पुढे काही अभ्यासकांनी असे दाखवून दिले की, ती मासे मारण्याच्या काटेरी भाल्याचे, म्हणजे हार्पूनचे, मोडलेले टोक असावे. हाड कोरणारा हात येथे कोणालाच अमान्य नव्हता. वाद होता तो त्या हाताच्या हेतूविषयी. ज्याला देवी हवी होती त्याला देवी दिसली.

महाराष्ट्रातही असा एक धडा आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि जाळीदार रेषा कोरलेला कवचाचा एक तुकडा मिळाला. त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे आहे. पुढे देशात इतरत्र मिळालेल्या अनेक कवचांवरील ‘नक्षी’ ही वनस्पतींच्या मुळांनी व मातीतील क्रियांनी पडलेली असल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले. पाटण्याचा तुकडा मात्र त्या परीक्षेत टिकला. कवच आणि हाड हे पदार्थ वेगळे, तरी परीक्षा तीच: रेषेचा तळ कसा आहे, ती कोठे सुरू होते, कोठे संपते आणि शेजारच्या रेषेशी तिचे नाते काय.

हाड घडवण्याचा इतिहास किती मागे जातो, हे मार्च २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधाने पुन्हा विचारात घ्यावे लागले. टांझानियातील ओल्डुवाय येथे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या थरात हत्ती, पाणघोडा अशा प्राण्यांच्या हाडांची २७ हत्यारे ओळखली गेली. ती दगडाप्रमाणे टवके काढून बनवलेली आहेत. तासून, घासून टोक काढण्याची कला त्यानंतर फार उशिरा येते. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेतील तासलेले टोचे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. हाडाला दगड मानणे आणि हाडाला हाड म्हणून ओळखणे, या दोहोंमध्ये एवढा प्रदीर्घ काळ गेला.

ही कला संपलेली नाही. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यानंतर लखनौ परिसरातील कारागीर म्हशीच्या हाडावर जाळीकाम करतात. करवत, कानस आणि गिरमिट पोलादाचे झाले, काही ठिकाणी वीज आली. पण चरबी काढणे, रेघ पाहून कापणे, घासणे आणि झिलई देणे हा क्रम बदललेला नाही.

विद्यार्थी मित्रांनी एक छोटा प्रयोग जरूर करावा. घरी मटण शिजले असेल तर एखादी नळी धुऊन वाळवावी. गारगोटी फोडून निघालेल्या धारदार टवक्याने तिच्यावर एकाच दिशेने पन्नास वेळा तासावे. दुसऱ्या भागावर खडबडीत दगडाने पाणी घालून घासावे. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे असावेत. कोरड्या हाडाची भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून तोंडाला फडके बांधावे. मग भिंगाखाली दोन्ही भाग पाहावेत. शक्य असल्यास गल्लीतल्या कुत्र्याने चघळून टाकलेले एखादे हाडही शेजारी ठेवावे. पन्नास वेळा तासूनही हाड किती थोडे झिजले, हे पाहिल्यावर चिंचेच्या झाडाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गुहेत, चुलीशेजारी बसून एक टोचा घडवणाऱ्या माणसाच्या चिकाटीची थोडी कल्पना येईल. आणि पुढे एखाद्या बातमीत ‘प्राचीन हाडाचे हत्यार सापडले’ असे वाचाल, तेव्हा त्याच्या आकाराचे छायाचित्र पाहून थांबू नका. त्यावरच्या खुणा कोणी तपासल्या आणि त्या कशाशी ताडून पाहिल्या, हे अवश्य विचारा.